किस्सा ते पटकथा: ‘दो आँखें बारह हाथ’च्या निमित्तानं वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पटकथेच्या वर्गात पहिल्या दिवशी मी आटपाडीजवळच्या स्वतंत्रपूरचा किस्सा सांगते. दुसऱ्या दिवशी त्याच किश्श्यावरून निघालेला व्ही. शांताराम यांचा १९५७चा चित्रपट दाखवते. तिसऱ्या दिवसापासून फोन सुरू होतात, आणि वर्ग संपून वर्ष उलटलं तरी थांबत नाहीत. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत. क्रमानं वाचायची गरज नाही. एका उत्तराचा दुसऱ्याशी संबंध असेल तिथे तसं लिहिलं आहे.

१. स्वतंत्रपूरचा किस्सा नक्की काय आहे?

औंध नावाचं लहानसं संस्थान होतं. त्याची गावं सलग नव्हती, सातारा-सांगलीकडच्या मुलखात विखुरलेली होती. राजे भवानराव पंतप्रतिनिधी म्हणजे सूर्यनमस्कारांचे कट्टर पुरस्कर्ते आणि हौशी चित्रकार. त्यांचे चिरंजीव अप्पासाहेब पंत विलायतेहून शिकून आले होते. त्यांची ओळख मॉरिस फ्रिडमन या पोलिश ज्यू इंजिनिअरशी झाली. फ्रिडमन बंगळूरला कारखाना चालवत होते, पुढे गांधीजींच्या प्रभावाखाली आले आणि ‘भारतानंद’ या नावानं ओळखले जाऊ लागले. १९३८-३९मध्ये गांधीजींच्या सल्ल्यानं औंधच्या राजानं आपली सत्ता प्रजेकडे सोपवली. त्याच वाऱ्यात फ्रिडमननी आणखी एक कल्पना मांडली: गंभीर गुन्ह्यांतल्या कैद्यांना भिंतीआड न ठेवता माळावर शेती करू द्यायची. राजानं मान्यता दिली. आटपाडीजवळच्या त्या वसाहतीचं नाव पडलं स्वतंत्रपूर.

जाता जाता: मुंबईतल्या निसर्गदत्त महाराजांची मराठी निरूपणं इंग्रजीत नेऊन जगभर पोचवली, ते हेच फ्रिडमन. त्यांच्यावर वेगळा चित्रपट व्हायला हवा, पण तो विषय इथला नाही.

२. मग ‘दो आँखें बारह हाथ’ ही खरी गोष्ट आहे की नाही?

परिस्थिती खरी, माणसं रचलेली. कैदी, उजाड जमीन, कुलपाऐवजी विश्वास, एवढं वास्तवातून आलं. आदिनाथ नावाचा तरुण जेलर, त्याचे सहा खुनी, खेळणी विकणारी चंपा, बाजारातले मत्सरी व्यापारी आणि शेवटचा बैलाचा प्रसंग ही सगळी पटकथा आहे.

सर्वांत मोठा बदल मात्र चटकन ध्यानात येत नाही. प्रत्यक्षात या प्रयोगाला किमान तीन प्रकारची माणसं लागली. एक कल्पना आणणारा, एक तिच्यावर सही करणारा आणि एक रोज उन्हात कैद्यांबरोबर उभा राहणारा. चित्रपटात तिघांचा मिळून एकच आदिनाथ झाला. कल्पना त्याची, जबाबदारी त्याची, उन्हात उभा तोच. राजा तर पुरता गायब आहे. मला ते फार शहाणपणाचं वाटतं. १९५७ साली संस्थानं विलीन होऊन दहा वर्षंही झाली नव्हती. राजाच्या औदार्याची गोष्ट सांगितली असती तर ती जुन्या काळाची आठवण ठरली असती. सरकारी नोकरीतला एक माणूस वरिष्ठांशी वाद घालून हे करतो म्हटल्यावर ती गोष्ट नव्या देशाची झाली.

३. गदिमांपर्यंत हा किस्सा पोचला कसा?

चित्रपटाची कथा-पटकथा ग. दि. माडगूळकरांची, म्हणजे गदिमांची, आणि हा किस्सा त्यांच्या घराजवळचाच होता. ते मूळचे माडगूळ्याचे, म्हणजे आटपाडीच्याच भागातले. त्यांचं लहानपण आणि शाळा औंध संस्थानाच्या मुलखात गेली. वसाहत उभी राहिली तेव्हा ते विशीत होते आणि कोल्हापुरात चित्रपटांच्या दुनियेत शिरले होते. म्हणजे आपल्या गावाकडची गोष्ट त्यांच्याकडे होती, पण ती बघणारी नजर आता कॅमेऱ्याच्या जगात तयार होत होती.

यावरून मी वर्गात एक गोष्ट सांगते. किस्सा गावातच राहिलेल्या माणसाकडे असतो तेव्हा तो पारावर रंगतो. त्याची पटकथा व्हायला गाव सोडून थोडं लांब जावं लागतं. किस्सा आणि चित्रपट यांत इथे जवळपास अठरा वर्षं गेली. तुमचा किस्सा गेल्या महिन्यातला असेल तर घाई करू नका.

४. किस्सा आणि कथा यांत फरक काय? मला तर दोन्ही सारखंच वाटतं.

किस्सा ऐकून माणूस म्हणतो, ‘काय सांगतेस!’ कथा ऐकून विचारतो, ‘मग?’

आमच्या घरातलं उदाहरण घ्या. माझ्या आत्याच्या वाड्यात एकदा रात्री चोर शिरला. आत्या जागी झाली, कंदील वर केला आणि म्हणाली, ‘जेवलास का?’ त्याला पिठलं-भाकरी वाढली. तो जेवला आणि निघून गेला. आमच्याकडे दर दिवाळीला हा किस्सा होतो, सगळे हसतात, मग कुणीतरी चकली मागतं. तो तिथेच संपतो, कारण त्यात पुढे काहीच शिल्लक नाही. आत्या चांगली होती, हे पहिल्या वाक्यातच कळलं.

एकदा वर्गात हाच किस्सा दिला. एका मुलीनं त्यात एकच गोष्ट घातली: जेवता जेवता चोराला ठसका लागतो, तो न विचारता उठतो आणि अंधारात सरळ माठाकडे जातो. पाणी कुठे आहे हे त्याला ठाऊक आहे.

वर्ग गप्प झाला. हा माणूस या घरात आधी आलेला आहे. कोण आहे हा? आत्यानं ओळखलंय का? ओळखून वाढलं की वाढताना ओळखलं? आता आत्याचा चांगुलपणा हे उत्तर राहिलं नाही, तोच प्रश्न झाला. माठाकडे गेलेल्या त्या चार पावलांनी किश्श्याची कथा केली.

५. सहाच कैदी का? खरे तर जास्त असणार.

लेखकानं कुठे कारण लिहून ठेवलेलं माझ्या वाचनात नाही, तेव्हा हा माझा तर्क समजा. वसाहत म्हटली की माणसं मोजली जातात, चित्रपटात ती ओळखावी लागतात. सहा चेहरे प्रेक्षकाच्या लक्षात राहतात, सोळा राहत नाहीत. शिवाय नावातलं गणित बघा: सहा माणसांचे हात बारा, आणि त्यांच्यावर रोखलेले डोळे दोन. हत्यार धरणारे हात आता कुदळ धरतात, आणि बेड्यांचं काम त्या डोळ्यांकडे आलंय. अख्खी वन-लाइन, म्हणजे एका ओळीत सांगता येणारी गोष्ट, नावातच आहे. निर्मात्याला गोष्ट ऐकवताना ज्यांना वीस मिनिटं लागतात त्यांनी हे नाव भिंतीवर लिहून ठेवावं.

६. खऱ्या प्रयोगात जेलरचा असा मृत्यू झाला नाही. मग सिनेमात त्याला का मारलं? हा खोटेपणा नाही का?

सर्वांत जास्त येणारा प्रश्न हाच, आणि पटकथेची खरी मेख याच्यातच आहे.

खुल्या तुरुंगाचं यश म्हणजे काय? संध्याकाळी हजेरी घ्यावी आणि सगळे जागेवर असावेत. दुसऱ्या दिवशी तेच, दहा वर्षांनी तेच. प्रयोग जितका यशस्वी, तितकं त्यात कमी घडतं. वास्तवातलं यश ‘काहीच झालं नाही’ या रूपात येतं आणि ते पडद्यावर दाखवता येत नाही. प्रत्येक सामाजिक प्रयोगावर लिहिणाऱ्याची हीच अडचण असते. वाचवलेला पाणवठा, टळलेली दंगल, न झालेला बालविवाह.

आता आदिनाथ जिवंत असताना कैदी पळत नाहीत, याचा अर्थ काय लावायचा? ते सुधारले, की त्याच्या नजरेला दबून आहेत? तो समोर आहे तोवर सांगता येत नाही. पाहणारे डोळे कायमचे मिटले आणि तरी बारा हात कामावर राहिले, तरच प्रयोग सिद्ध होतो. म्हणून त्याला जावं लागतं. व्यापाऱ्यांच्या कारस्थानातून बैल शेतावर सोडले जातात, आदिनाथ त्यांना अंगावर घेतो आणि त्यात मरतो. वसाहतीत वर्षानुवर्षं हळूहळू सिद्ध झालेली गोष्ट पटकथेनं एका मृत्यूत सिद्ध केली. घटना बदलली, पण घटनेनं जे सांगितलं ते तसंच ठेवलं. मी याला खोटेपणा म्हणणार नाही.

आक्षेप मात्र रास्त आहे, तो असा: मृत्यूनं आदिनाथ हुतात्मा होतो आणि व्यवस्थेचं श्रेय एका महापुरुषाला जातं. स्वतंत्रपूरची खरी मौज ही की ते कुणा एकावर अवलंबून राहिलं नाही. राजा गेला, संस्थान गेलं, वसाहत राहिली. आज कुणी यावर वेब सिरीज लिहिणार असेल तर मी म्हणेन, जेलरला मारू नका, त्याची बदली करा. नवा साहेब येतो आणि पहिल्याच दिवशी कुलूप मागवतो. तिथून लिहा.

(ज्यांना शूटिंगचे किस्से आवडतात त्यांच्यासाठी: आदिनाथची भूमिका शांतारामांनी स्वतः केली होती. बैलाशी झुंजीच्या प्रसंगात त्यांच्या डोळ्यांना खरोखर इजा झाली आणि दृष्टी जाण्याची भीती निर्माण झाली होती. चित्रपटाचं नाव आठवून बघा.)

७. चंपा कशाला? गाण्यांसाठीच ना?

थोडंफार हो. १९५७ साली नायिकेशिवाय हिंदी चित्रपट विकणं अवघड होतं आणि शांतारामांच्या पत्नी, नायिका संध्याबाई होत्याच. पण तिला कुठे ठेवलंय ते बघा. ती वाटेनं येते-जाते, खेळणी विकते, तिला कुणी डांबलेलं नाही. सहा खुनी, एक उजाड माळ आणि त्यातून एकटी, न घाबरता जाणारी बाई. ती दिसली की प्रेक्षक पोटातून आवळतो. विश्वासाची परीक्षा एकही संवाद न लिहिता होते. गाणी तुम्ही काढू शकाल, ती वाट नाही काढता येणार.

बरं, ‘ऐ मालिक तेरे बंदे हम’ हे भरत व्यास आणि वसंत देसाईंचं गाणं मात्र चित्रपटातून निघून शाळांच्या प्रार्थनेत गेलं. अनेकांना ते सिनेमातलं आहे हेच ठाऊक नसतं.

८. माझी घटना आधीच प्रचंड नाट्यमय आहे. म्हणजे काम सोपं ना?

उलट. तिथे गाळायचं काय हा प्रश्न पडतो.

अमेरिकेतलं उदाहरण घेऊ. २२ ऑगस्ट १९७२, न्यू यॉर्कच्या ब्रुकलिन भागातली बँक. जॉन वोयतोविच आणि सॅल्व्हाटोर नॅच्युराइल हे दोघं लुटायला शिरले, तिसरा साथीदार सुरुवातीलाच सटकला. पोलिसांचा वेढा पडला, आत कर्मचारी ओलीस, बाहेर बघ्यांची जत्रा आणि टीव्हीवाले. वोयतोविचला पैसे हवे होते ते आपल्या जोडीदाराच्या लिंगबदल शस्त्रक्रियेसाठी. शेवट विमानतळावर झाला: अठरा वर्षांचा नॅच्युराइल गोळीनं मेला, वोयतोविच पकडला गेला. महिन्याभरात ‘लाइफ’ मासिकात त्यावर लेख आला. १९७५ साली सिडनी ल्युमेट यांचा ‘डॉग डे आफ्टरनून’ आला आणि फ्रँक पिअर्सन यांना पटकथेचं ऑस्कर मिळालं.

इथे बाहेरून काही घालायची गरजच नव्हती. पिअर्सन यांची अडचण वेगळी होती. वोयतोविच भेटायला तयार नव्हता आणि त्याला ओळखणारा प्रत्येक जण वेगळाच माणूस सांगत होता. अखेर त्यांना एक धागा सापडला: हा माणूस प्रत्येकाला खूश करायला बघतो आणि त्यात सगळ्यांनाच निराश करतो. हा धागा हाती आल्यावर बँक, गर्दी, पोलीस, आई, बायको आणि जोडीदार असे दोन्ही संसार, सगळं त्याच्याभोवती लागलं. चित्रपटात तो ओलिसांची काळजी घेतो, साथीदाराची घेतो, बाहेरच्या गर्दीचीही मर्जी राखतो.

आणि बदल केलेच. अठरा वर्षांच्या साथीदाराच्या भूमिकेत एकोणचाळीस वर्षांचे जॉन कझाल आहेत. वय पार चुकलं, पण तो थिजलेला चेहरा दुसऱ्या कुणाकडे नव्हता.

९. माझा किस्सा मध्यंतरापर्यंतच जातो. पुढे काय भरू?

भरू नका. बहुतेक वेळा अडचण अशी असते की किश्श्यातली सगळी गंमत एकाच प्रसंगात संपते आणि मग लेखक खलनायक, अपघात, आजार आणत सुटतो.

पुन्हा आदिनाथकडे बघा. पटकथा नवे प्रश्न आणत नाही. ‘विश्वास ठेवावा का?’ हा एकच प्रश्न दर वेळी महाग करून विचारते. आधी माळावर, जिथे बघायला कुणी नाही. मग बाजारात, जिथे भाजी स्वस्त विकल्यानं धंदेवाले चवताळलेत. मग मार खाताना, जेव्हा हात उचलायचा नाही असा शब्द दिलेला आहे. खुन्याला मार खायला लावणं आणि त्यानं हात खाली ठेवणं, यापेक्षा अवघड परीक्षा कोणती असणार? तुमच्या किश्श्यातला एक प्रश्न शोधा आणि तो चार वेळा, दर वेळी चढ्या भावानं विचारता येतो का ते बघा. येत नसेल तर ती शॉर्ट फिल्म आहे. त्यात कमीपणा नाही. आत्या आणि चोर (प्रश्न ४) माझ्या मते वीस मिनिटांचेच.

१०. खऱ्या माणसांचे खरे शब्द जसेच्या तसे वापरावेत का?

एखाददुसरा. खरं बोलणं लांबट आणि तुटक असतं. शब्दांपेक्षा बोलण्याची ढब उचला: वाक्य कुठे अर्धवट सोडतो, कुणाला ‘अहो’ म्हणतो, रागावल्यावर आवाज चढतो की उतरतो. ल्युमेट यांनी तालमीत नटांना स्वतःच्या शब्दांत बोलू दिलं, ते ध्वनिमुद्रित केलं आणि त्यातून संवाद पुन्हा लिहून घेतले. आपल्याकडे तालमीची तेवढी चैन नसते, पण मोबाइलवर रेकॉर्ड करायला कुणी अडवलेलं नाही.

११. कथेवरून पटकथा करणं आणि थेट घटनेवरून करणं, यात सोपं काय?

मध्ये एखादा कथालेखक असेल तर निम्मं काम झालेलं असतं. संदीप सावंत यांचा ‘श्वास’ (२००४) खऱ्या घटनेवर बेतलेल्या माधवी घारपुरे यांच्या कथेवरून झाला. नातवाचे डोळे कर्करोगामुळे काढावे लागणार आहेत आणि आजोबांच्या हाती थोडासाच वेळ आहे. कथेनं घटनेतला नेमका तेवढाच काळ पकडला होता. पटकथेला फक्त त्या वेळाचं काय करायचं ते ठरवायचं होतं. मात्र मधल्या लेखकाचा हक्क येतो, त्यासाठी पुढचं उत्तर बघा.

१२. खऱ्या घटनेसाठी परवानगी लागते का?

मी वकील नाही. करार करण्याआधी वकिलाला भेटाच. ढोबळमानानं असं: घटनेवर, म्हणजे जे घडलं त्यावर, कुणाचा कॉपीराइट नसतो. ती सांगण्याच्या विशिष्ट मांडणीवर असतो. लेख, कथा, आत्मचरित्र वापरत असाल तर त्याचे हक्क घ्यावे लागतात.

जिवंत माणसाचा खासगीपणा हा वेगळा मुद्दा. १९९४च्या आर. राजगोपाल खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं म्हटलं की माणसाच्या खासगी आयुष्याबद्दल त्याच्या संमतीशिवाय लिहिता येत नाही, पण न्यायालयीन आणि इतर सार्वजनिक नोंदींत असलेल्या गोष्टींना अपवाद आहे. तिथेही बदनामी आणि पीडितांची ओळख यांची बंधनं राहतातच. म्हणून खटल्याची कागदपत्रं हाती असतील तर पाय जमिनीवर असतात. शेजारणीनं सांगितलेलं असेल तर नसतात.

१३. पैसे द्यायला हवेत का?

कायदा एक सांगेल, रीत दुसरी. वोयतोविचला (प्रश्न ८) साडेसात हजार डॉलर आणि नफ्यात एक टक्का कबूल केला होता. त्यातले अडीच हजार त्यानं शस्त्रक्रियेसाठी दिले. म्हणजे दरोड्यानं जमलं नाही ते सिनेमानं केलं. हे पटकथेत लिहिलं असतं तर मी ‘फार जुळवून आणलंय’ म्हणून खोडलं असतं. तरीही चित्रपटावर तो नाराजच होता. त्यातलं जेमतेम तीस टक्के खरं आहे असं त्यानं तुरुंगातून लिहिलं. पैसे दिल्यावर माणूस खूश होईल हा हिशोब धरू नका.

१४. घटना आमच्याच घरची आहे. नातेवाईक दुखावतील.

दुखावतील. नाव, गाव, धंदा बदललात तरी ओळखतील, आणि ज्यांच्यावर लिहिलेलं नाही तेही ओळखतील. मी दोन गोष्टी करते. पहिला ड्राफ्ट कुणालाही न दाखवता पूर्ण लिहिते. मग ज्या माणसाचं सर्वांत जास्त उघडं पडतंय त्यालाच आधी, समोर बसून वाचून दाखवते. पीडीएफ पाठवत नाही. आत्याचा प्रसंग मी तिला वाचून दाखवला तेव्हा तिला चोराबद्दल काहीच म्हणायचं नव्हतं. म्हणाली, ‘पिठलं नव्हतं गं, त्या दिवशी झुणका होता.’

१५. मी सांगितलेला किस्सा दुसऱ्यानं आधी वापरला तर?

नुसती कल्पना सांगितली असेल तर फारसं काही करता येत नाही. आर. जी. आनंद विरुद्ध डीलक्स फिल्म्स या १९७८च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं की कल्पना, विषय, ऐतिहासिक घटना यांवर कॉपीराइट नसतो, मांडणीवर असतो. म्हणून नॅरेशनला, म्हणजे निर्मात्याला गोष्ट ऐकवायला, जाण्याआधी निदान सविस्तर कथासार लिहून काढा आणि मुंबईच्या स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवा. ते ऑनलाइन होतं. चहाच्या टपरीवर किस्सा सांगायची खुमखुमी आवरा. हे मला उशिरा कळलं. एका निर्मात्याला मी उत्साहात सगळं सांगून बसले होते.

१६. श्रेयनामावलीत ‘आधारित’ लिहू की ‘प्रेरित’?

घटनाक्रम आणि माणसं बऱ्याच अंशी तीच असतील तर आधारित. फक्त परिस्थिती उचलली असेल तर प्रेरित. प्रश्न २मधल्या हिशोबानं ‘दो आँखें बारह हाथ’ दुसऱ्या खणात बसतो. शंका असेल तिथे ‘प्रेरित’च बरं. ‘सत्यघटनेवर आधारित’ लिहिलं की प्रेक्षक प्रत्येक प्रसंगाचा पुरावा मागतो.

१७. या चित्रपटाला परदेशात मान मिळाला म्हणतात, तो खरंच पटकथेमुळे का?

१९५८ साली बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात रौप्य अस्वल हा पुरस्कार आणि पुढच्या वर्षी गोल्डन ग्लोबच्या सोहळ्यात सॅम्युअल गोल्डविन पुरस्कार मिळाला. देशात राष्ट्रपतींचं सुवर्णपदक. कशामुळे मिळाला ते परीक्षकच सांगू शकतील. पण बर्लिनच्या प्रेक्षकाला औंध संस्थान माहीत असायची गरज पडली नाही, हे श्रेय पटकथेचंच.

१८. स्वतंत्रपूर बघता येईल का? मला त्यावरच लिहायचंय.

आटपाडी तालुक्यात आहे, जिल्हा सांगली. ते पर्यटनस्थळ नाही, कारागृह विभागाची वसाहत आहे आणि तिथे माणसं कुटुंबासह राहतात. रीतसर अर्ज करून परवानगी घ्या आणि कॅमेरा पहिल्या भेटीत नेऊ नका. परवानगीची वाट बघताना एक दिवस औंधला जा. टेकडीवरचं भवानरावांचं संग्रहालय सगळ्यांसाठी खुलं असतं. तिथे राजाची स्वतःची चित्रं आहेत. पटकथेतून वगळलेला हा माणूस कसा बघत होता, ते त्यांतून थोडं कळतं.